एअरलाईनमधला 'सिक' आणि धाक दाखवून चालवलेली कामं

रॅम्पवाला

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की या पायलट आणि क्रू लोकांना एवढा पगार मिळतो तरी ऐन सीझनला सगळे एकदम आजारी कसे पडतात, लाजा वाटत नाहीत का वगैरे. तिथेच उत्तर लिहायला घेतलं पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी पायलट नाही. मुंबईला अकरा वर्षं रॅम्पवर काढली, म्हणजे विमान उभं असतं तिथे खाली डांबरावर, हातात वॉकीटॉकी, अंगात ते चकाकणारं जाकीट. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

विमान आलं, चाकांना चॉक (अडसर) लागले की घड्याळ सुरू. तीस मिनिटांत पॅसेंजर उतरवायचे, सफाई, केटरिंग, फ्युएल, सामान काढा, सामान भरा, नवे पॅसेंजर, लोडशीट, दरवाजे बंद. उशीर झाला की त्या उशिराला कोड लागतो, जगभर तेच आकडे चालतात. १५ म्हणजे बोर्डिंग, ३२ लोडिंग, ३५ सफाई, ३६ फ्युएल, ४१ म्हणजे विमानातच बिघाड, आणि ९३ म्हणजे मुळात विमानच मागून उशिरा आलं. ९३ मिळाला की लॉटरी, कारण आपल्या स्टेशनवर कुणाचीच मान अडकत नाही. बाकी काहीही लागलं की रोज सकाळी दहाच्या कॉलवर त्या डिपार्टमेंटचा उद्धार. आमचे एक साहेब होते, कॉल सुरू करताना गुड मॉर्निंग नाही, थेट "आज कोणाचा नंबर?" असंच विचारायचे. हसायचे पण स्वतःच.

जुलैमधली गोष्ट आहे, पाऊस धो धो. विमान ६:२० ला आलं, ६:५० ला जायचं होतं. पुढच्या होल्डला (विमानाच्या पोटातला सामानाचा कप्पा) बेल्ट लोडर, म्हणजे बॅगा चढवायची पट्ट्याची गाडी, लावणारा पोरगा कंत्राटी होता, असेल बावीस-तेवीसचा, ओल्या डांबरावर लोडर जरा सरकला आणि विमानाच्या पोटाला टेकला. आवाज म्हणाल तर स्टीलच्या डब्याचं झाकण पडावं तेवढाच. मी वीस फुटांवर होतो. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग त्याने रेनकोटच्या बाहीने ती जागा पुसली, जणू पुसून जाणारच होतं काही, आणि बॅगा चढवायला लागला.

आणि मी काय केलं, तर घड्याळ बघितलं. ६:४१ झाले होते. इंजिनिअरला बोलावलं की तपासणी आली, विमान गेलं तासभर, दहाच्या कॉलवर माझा नंबर, त्या पोराचा तर एअरपोर्टचा पासच गेला असता. हे सगळं गणित डोक्यात दोन सेकंदांत झालं बघा, आणि त्यात 'या विमानात १८० माणसं बसणार आहेत' ही ओळ आलीच नाही. नंतर आली. पुष्कळ वेळा आली.

विमान ६:५६ ला गेलं. दहाच्या कॉलवर त्या सहा मिनिटांवरून लोडिंग, बोर्डिंग आणि सफाई यांची अर्धा तास तूतूमैंमैं चालू होती आणि ती चालू असतानाच पुढच्या स्टेशनचा फोन आला की खालच्या बाजूला पोचा आहे, विमान जागेवर उभं केलंय. सहा तास उभं राहिलं. नशीब की पोचा मर्यादेच्या आत निघाला. पोराचा पास त्याच संध्याकाळी काढून घेतला. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे असे धक्के लागल्याची नोंद जवळजवळ बंद झाली. साहेबांनी त्या तिमाहीत स्लाईड दाखवली, 'ग्राउंड डॅमेजमध्ये सुधारणा', टाळ्या वगैरे.

आता 'सिक'कडे येतो, म्हणजे आजारी असल्याचं कळवून कामावर न येणं. १९९७ च्या जुलैमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या केबिन क्रूने तीन दिवसांचा संप पुकारला होता. मॅनेजमेंटने आधीच दम भरला, संपावर जाल तर नोकरी जाईल, वर नुकसानभरपाईचा दावा लावू. झालं काय, तर संपावर उघडपणे जेमतेम तीनशे जण गेले आणि आजारी पडले दोन हजारांच्या वर. आणि आजारी माणूस तीन दिवसांनी परत यायलाच पाहिजे असं कुठे आहे, कित्येक जण नंतरही आले नाहीत. संप झाला असता तर स्वस्तात सुटले असते.

आपल्याकडे तेच. सप्टेंबर २००९, जेट एअरवेज, वैमानिकांनी युनियन बांधली, त्यातल्या दोघांना काढलं, मग शेकडो वैमानिक एकदम 'आजारी'. कोर्टकचेरी झाली, पाचेक दिवस विमानं रद्द, शेवटी तडजोड. मे २०२४, एअर इंडिया एक्सप्रेस, एका रात्रीत दोनशेच्या वर केबिन क्रू सिक, कंपनीने २५ जणांना काढलं, दोन दिवसांत दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढे बसून त्यांना परत घ्यायचं ठरलं. म्हणजे सत्तावीस वर्षांत इकडचं जग तिकडे झालं पण हे नाटक तेच, फक्त नट वेगळे.

माझं म्हणणं एवढंच, ज्याला बोलायची भीती घातली तो बोलत नाही, तो सिक टाकतो. किंवा बाहीने पुसतो.

---

नागपुरी_संत्रा

रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो. ते बाहीने पुसणं डोळ्यासमोरून जाऊन नाही राहिलं भाऊ.

---

हिशेबी

लेख चांगला आहे पण एकतर्फी आहे. मी या क्षेत्रात फायनान्सला होतो म्हणून दुसरी बाजू मांडतो. कंपनीने भाड्याने घेतलेल्या विमानाचं भाडं डॉलरमध्ये, इंधनाचे भाव आपल्या हातात नाहीत, तिकिटं मात्र रुपयात आणि शेजारचा शंभर रुपयांनी कमी करतो म्हणून आपणही करायची. किंगफिशर २०१२ ला जमिनीवर आली, जेट १७ एप्रिल २०१९ ला. दोन्हीकडे लोक पगाराविना महिनोन्‌महिने थांबले. तेव्हा टर्नअराउंडचं (विमान आल्यापासून परत निघेपर्यंतचं) घड्याळ हे साहेबांचं खूळ नाही, त्या सहा-सहा मिनिटांवरच दिवसाला एखादी जास्तीची फेरी निघते आणि त्यावर सगळ्यांचे पगार निघतात.

आणि युनियनवाले काय धुतल्या तांदळाचे नाहीत. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांच्या एका गटाने ५८ दिवस आंदोलन केलं, कशासाठी तर नवीन ड्रीमलायनर विमानांचं ट्रेनिंग आम्हालाच द्या, पूर्वीच्या इंडियन एअरलाईन्सवाल्यांना नको. करदात्यांच्या पैशावर. तिथेही सुरुवात आजारपणानेच झाली होती बरं का, आणि तिथे तर साहेबाला कोणी घाबरतच नव्हतं.

---

रॅम्पवाला

@हिशेबी, २०१२ बद्दल १०० टक्के सहमत, त्याचं समर्थन करणार नाही. घड्याळाबद्दलही सहमत, तीस मिनिटांचा टर्नअराउंड मी स्वतः हजारो वेळा केलाय आणि त्याचा अभिमान आहे. माझा वाद घड्याळाशी नाहीच, 'आज कोणाचा नंबर'शी आहे. तीस मिनिटांत होत नसेल तर का होत नाही हे शोधायला कोड काढलेत ना? आमच्याकडे ते कोणाला फटकवायचं हे ठरवायला वापरायचे. मग जो तो आपला कोड दुसऱ्याच्या गळ्यात मारणार आणि साहेबांच्या एक्सेलमध्ये जे जमा होणार ते सगळं खोटं. त्या खोट्या आकड्यांवर तुमच्या फायनान्सने काय काय निर्णय घेतले असतील देव जाणे :)

---

उजवी_सीट

नवीन आयडी काढून लिहितोय, समजून घ्या. मी फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे सहवैमानिक.

फटीग रिपोर्ट नावाची एक गोष्ट असते. दमलोय, उडायला फिट नाही असं वाटलं तर भरायचा. पोस्टरवर लिहिलेलं असतं की भरा, बिनधास्त भरा, काही होणार नाही. मी चार वर्षांत एकदाच भरला. सलग तीन रात्री झाल्या होत्या आणि तिसऱ्या रात्री उतरताना मला क्षणभर कळेना की रनवे कुठल्या शहराचा आहे. दुसऱ्या दिवशी बेसवरून फोन, अगदी गोड आवाजात, "अरे घरी सगळं ठीक आहे ना? काल झोपला नव्हतास का?" मग पुढच्या महिन्याचं रोस्टर आलं, त्यात घरी थांबायच्या रात्री निम्म्या आणि स्टँडबाय पहाटे चारचे. यात शिक्षा म्हणून दाखवता येईल असं काहीच नाही. पण क्रू रूममधल्या प्रत्येकाला बरोब्बर कळलं, आणि माझ्यानंतर तिथल्या कुणी भरल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तुम्ही म्हणाल मग सोड की नोकरी. सोडू कशी? २०१७ पासून नियम आहे, कॅप्टनला एक वर्ष नोटीस, फर्स्ट ऑफिसरला सहा महिने. ते सहा महिने रोस्टर कोणाच्या हातात असणार? डोक्यावर ट्रेनिंगचं कर्ज आहे ते वेगळंच.

ड्युटीच्या तासांचे नवीन नियम किती वर्षं लोंबकळत होते ते आठवा. वैमानिकांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या तेव्हा कुठे तारखा पडल्या, जुलै २०२५ आणि नोव्हेंबर २०२५. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची काय अवस्था झाली ती सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली, ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर फ्लाईट रद्द. नियम काही अचानक आकाशातून पडला नव्हता, तारीख माहिती होती. मग काय, रात्रीच्या नियमातून तात्पुरती सवलत दिली. म्हणजे तयारी कंपनीची नव्हती आणि झोप आमची कापली.

---

कुंदाताई

उजवी सीट, तुझा प्रतिसाद वाचून पोटात कालवलं. काळजी घे रे बाबा.

मी केबिन क्रूमध्ये होते, नव्वदच्या दशकात एका खाजगी कंपनीत. आमच्याकडे ब्रीफिंग रूमच्या दाराशी वजनकाटा असायचा. बाथरूममधला छोटा नाही, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात असतो तसला लोखंडी. सुपरवायझर आकडा मोठ्याने वाचायची, सगळ्यांसमोर. दोन किलो जास्त निघाली तर फ्लाईटवरून उतरवायची आणि आमचा निम्म्याहून जास्त पगार उडण्याच्या भत्त्यात, म्हणजे खाली बसलं की हात रिकामे. आदल्या रात्री जेवायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही चूक आहे असंही वाटायचं नाही. एकदा माझ्याबरोबरची एक पोरगी दिल्लीला जाताना गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकघरात) चक्कर येऊन पडली, हातात चहाची किटली. चहा तिच्याच पायावर सांडला. रिपोर्टमध्ये आम्ही काय लिहिलं? विमानाला धक्का बसला. सगळ्यांनी मिळून लिहिलं, कॅप्टननेसुद्धा सही केली, बिचारा भला माणूस होता.

आता विचार करा, आग लागली असती, दरवाजे उघडायची वेळ आली असती, तर उपाशीपोटी चक्कर आलेली मुलगी काय करणार होती? आम्ही तिथे असतो तेच मुळी दरवाजे उघडायला, चहा द्यायला नाही.

---

वकीलसाहेब_ठाणे

कुंदाताईंच्या प्रतिसादाला पुरवणी. नर्गेश मिर्झा खटला, सुप्रीम कोर्ट, १९८१. तोपर्यंत एअर इंडियाचा नियम काय होता बघा, एअर होस्टेस ३५ व्या वर्षी निवृत्त, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली तर. गरोदरपणाची अट कोर्टाने फेकून दिली, फार कडक शब्दांत. चार वर्षांत लग्न नाही ही अट मात्र ठेवली, कोर्टाला त्यात वावगं दिसलं नाही!

आता 'सिक'बद्दल. नवीन औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. त्यात संपाची व्याख्याच वाढवलीय, ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह टाकली तर तोही संप. आणि संपाला चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच आस्थापनांना. म्हणजे सरकारलाही ही पळवाट माहिती होती. पण शब्द कॅज्युअल लीव्ह आहे, आजारपणाची रजा त्यात बसते का आणि वैमानिक हा मुळात 'कामगार' आहे का यावर अजून पुष्कळ वकिलांच्या पोराबाळांची शिक्षणं होणार आहेत ;)

---

नागपुरी_संत्रा

आलो. मी या लायनीतला नाही, आपलं किराणा दुकान आहे नागपूरच्या महाल भागात. पण २००८ चा ऑक्टोबर आठवते मले. जेटनं १९०० लोकायले काढलं होतं, त्यातल्या बऱ्याच पोरी, युनिफॉर्म घालून टीव्हीवर रडत होत्या. राज ठाकरेंकडे गेल्या, ते म्हणाले मुंबईतून विमानं उडू नाही देणार. दुसऱ्याच दिवशी नरेश गोयल स्वतः टीव्हीवर, सगळ्यायले परत घेतो म्हणून. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. पण आता हा धागा वाचून वाटते, ज्या पोरीले कंपनीत कोणाजवळ जाऊन बोलता आलं नाही तिले पक्षाच्या ऑफिसात जावं लागलं, म्हणजे घरात काही सोयच नव्हती नं. एक भीती घालवाले दुसरी भीती आणली.

आणि २०२३ च्या ऑगस्टमधे आमच्या नागपूरच्या एअरपोर्टवर एक कॅप्टन गेटजवळच कोसळून वारले, चाळिशीतले होते. कशानं गेले ते डॉक्टर जाणे, मी काही जोडत नाही. पण त्या दिवशी पयल्यांदा डोक्यात आलं का आपण ज्याच्या मागं बसतो तो माणूस किती झोपला असन.

---

ह्यूस्टनचे_आजोबा

मी इथे अमेरिकेत १९७९ पासून आहे, त्यामुळे थोडी जुनी कहाणी सांगतो. मराठी टंकायला वेळ लागतो, चुका माफ.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये विमान नियंत्रकांनी संप केला. राष्ट्राध्यक्ष रेगनसाहेबांनी ४८ तास दिले आणि नंतर अकरा हजारांहून अधिक लोकांना एका दमात काढले. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाची मुभा नव्हती हे खरे, पण त्या दिवसापासून खाजगी मालकांनाही कंठ फुटला. आमच्या ह्यूस्टनच्या कॉन्टिनेंटल एअरलाईन्सचे फ्रँक लोरेंझो यांनी १९८३ च्या सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तोही बँकेत पैसे असताना, केवळ युनियनचे करार मोडण्यासाठी. बारा हजार माणसे होती, त्यातली चारेक हजार अर्ध्या पगारावर परत घेतली. तेव्हा ते कायद्यात बसत होते, नंतर पुढच्या वर्षी कायदा बदलावा लागला.

हेच औषध त्यांनी आपल्या दुसऱ्या कंपनीला, ईस्टर्न एअरलाईन्सला, द्यायचे ठरवले. मार्च १९८९ मध्ये मेकॅनिक संपावर गेले. लोरेंझोंची अटकळ होती की वैमानिक काही ही रेषा ओलांडून मेकॅनिकांबरोबर उभे राहणार नाहीत, त्यांचा रुबाब वेगळा, पगार वेगळा. वैमानिक उभे राहिले. पाच दिवसांत ईस्टर्न दिवाळखोरीत आणि १८ जानेवारी १९९१ ला कायमची बंद. १९९४ मध्ये या गृहस्थांना नवी कंपनी काढायची होती तेव्हा सरकारनेच परवाना नाकारला. हिशेबी यांचा किफायतीचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याच टेक्सासात डॅलसला साऊथवेस्ट एअरलाईन्स होती. सर्वात स्वस्त तिकिटे, सर्वात झटपट टर्नअराउंड, आणि बहुतेक सगळे कर्मचारी युनियनमध्ये. त्यांनी पहिली मोठी नोकरकपात केली ती २०२५ मध्ये, ५३ वर्षांनी.

---

हिशेबी

आजोबा, साऊथवेस्टचं उदाहरण प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकलंय, त्यांना एकाच प्रकारची विमानं, मोठी बाजारपेठ, इंधनाचे सौदे आधीच करून ठेवलेले, नशीबही चांगलं. उलट आयर्लंडच्या रायनएअरने ३२ वर्षं युनियनला दारात उभं केलं नाही आणि बक्कळ पैसा कमावला.

---

ह्यूस्टनचे_आजोबा

कमावला. आणि २०१७ च्या सप्टेंबरात वैमानिकांच्या सुट्ट्यांचे गणित चुकले, हजारो उड्डाणे रद्द केली, वैमानिकांना चुचकारायला निघाले तर ते ऐकेनात. डिसेंबरमध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, युनियनला मान्यता द्यावी लागली. एवढेच सांगून थांबतो, नातवाला आणायची वेळ झाली.

---

अडाणी_पण_उत्सुक

धागा एक नंबर चाललाय, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. शिक्षाच केली नाही तर लोक बेफिकीर नाही का होणार? लोडरवाल्या पोराला सोडून दिलं असतं तर उद्या दुसऱ्याने इंजिनालाच ठोकला असता.

---

उजवी_सीट

बाळबोध नाही, हाच मुख्य प्रश्न आहे. याचं उत्तर अमेरिकेत ९२ माणसं मेल्यावर सापडलं. डिसेंबर १९७४, टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं विमान, वॉशिंग्टनला उतरताना नकाशाचा आणि कंट्रोलरच्या सूचनेचा अर्थ चुकीचा लावून लवकर खाली आलं, डोंगरावर आदळलं. चौकशीत कळलं की सहाच आठवडे आधी युनायटेड एअरलाईन्सचं एक विमान त्याच जागी, तसंच चुकून, थोडक्यात वाचलं होतं. त्या क्रूने कंपनीत सांगितलं, कारण त्यांच्याकडे सांगायची सोय होती, आणि युनायटेडने आपल्या सगळ्या वैमानिकांना सावधही केलं. पण ते बाकीच्या कंपन्यांपर्यंत पोचलंच नाही.

मग १९७६ मध्ये स्वतःच्या चुका कळवायची योजना आली आणि ती चालवायला मुद्दाम नासाला दिली. कारण लायसन्स ज्याच्या हातात त्याच्याकडे जाऊन 'साहेब मी चुकलो' कोण म्हणेल? दहा दिवसांत स्वतः कळवलं आणि मुद्दाम केलेलं नसेल तर दंड नाही. दारू पिऊन उडालास, मुद्दाम नियम मोडलास तर सूट नाही. तर त्या पोराला सोडून द्या असं नाही, त्याने ६:४१ ला हात वर केला असता तर त्याचा पास शाबूत राहिला असता एवढी खात्री त्याला पाहिजे होती. आणि रॅम्पवाल्यांना पण, माफ करा दादा.

---

रॅम्पवाला

माफी कसली, खरंच आहे ते.

---

कुंदाताई

त्या मुलाचं पुढे काय झालं हो?

---

रॅम्पवाला

ताई, वर्षभराने भेटला होता, मरोळ नाक्याला रिक्षा चालवत होता. मला बघून थांबला, बसा म्हणाला. साकीनाक्यापर्यंत त्या दिवसाबद्दल दोघंही काही बोललो नाही. उतरताना पैसे घेत नव्हता, मीच जबरदस्तीने दिले. मग म्हणाला, "सर तुम्ही बघितलं होतं ना?" मी हो म्हणालो. "मला वाटलंच," म्हणाला आणि मीटर टाकून निघून गेला.

---

अडाणी_पण_उत्सुक

आणि ती सहा मिनिटं? शेवटी कोड कुठला लागला?

---

रॅम्पवाला

३६. फ्युएल. फ्युएलवाले बाहेरच्या कंपनीचे, ते दहाच्या कॉलवर नसायचेच.